राजाची अडीच घरं

आधीच सांगून टाकते. बुद्धिबळ खेळणाऱ्या बाईला इतरांपेक्षा जास्त अक्कल असते हा गैरसमज आहे. तिला इतरांपेक्षा जास्त पाठदुखी असते, एवढंच खरं. संपादकांनी पत्रात लिहिलंय की कारकिर्दीतले रोमहर्षक क्षण सांगा. अहो, पाच-पाच तास लाकडाच्या खुर्चीवर बसायचं, समोरची बाई शेंगदाणे सोलत बसलेली, वर ट्यूबलाइट लुकलुकायलेली, त्यात रोमहर्षक काय सांगू? पुरुषांची स्पर्धा मोठ्या सभागृहात व्हायची. आमची मागच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. खुर्च्या कमी पडल्या की बाकं, आणि बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागायचे. पंखा मागितला की कार्यकर्ते म्हणायचे, "ताई, तिकडं पुरुषांचं चालूय, त्यांचं झालं की आणून देतो." त्यांचं कधी होत नसे.

पण पोट त्याच्यावरच भरलं. परभणीत विम्याच्या एका कचेरीत मला खेळाडूंच्या जागेवर घेतलं होतं. राज्याच्या संघात निवड झाली की त्या वर्षापुरती खेळायला खास रजा, आणि सरावाला दुपारनंतर सुटी. निवड झाली नाही की दहा ते साडेपाच टेबल, फायली आणि टाचण्या. दोन वर्षं लागोपाठ निवड हुकली तर ती सवलत कायमची बंद. म्हणजे नोकरी जात नव्हती, खेळ जात होता. कचेरीतल्यांना वाटायचं बाई फुकटचा पगार खायलीय. चपराशी गफूरभाई तेवढे आपुलकीनं विचारायचे, "क्या बाई, जीत के आए क्या खाली च्या पी के आए?" बऱ्याचदा मी च्या पिऊनच आलेली असायची.

ज्यांनी हा खेळ नुसता लांबून बघितलाय त्यांना थोडं सांगायला पाहिजे. स्पर्धेत पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ असतं. आपली चाल झाली की खटका दाबायचा, आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं पळायला लागतं. वेळ संपली की काट्यावर टेकलेली बारकी झेंडी पडते आणि डाव गेला. पटावर तुम्ही कितीही जिंकत असा, झेंडी पडली की काही चालत नाही. ज्या मोहऱ्याला हात लावला तो खेळलाच पाहिजे. प्रत्येक चाल कागदावर लिहायची, आपलीही आणि तिचीही. आणि सुरुवातीला तासभर उशीर झाला तर न खेळताच हार.

तशी एक हार माझ्या नावावर आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाडा पेटला होता, तेव्हाची गोष्ट. स्पर्धा पुढं ढकलतील असं वाटलं होतं, ढकलली नाही. बस निम्म्या वाटेत थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "पुढं पेटवलंय, गाडी नेत न्हाई." मी मनगटावरचं घड्याळ बघत बसले. तिकडं माझं घड्याळ लावलं असेल, अर्धा तास गेला असेल, पाऊण गेला. मला रडू आलं. शेजारी दोन लेकरं आणि एक गठुडं घेऊन एक बाई बसली होती. तिच्या वस्तीतली घरं रात्रीच जाळली होती, ती भावाकडं निघाली होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, तुमचं कुनी गेलं का? कामून रडायलाव?" काय सांगणार होते मी? माझा एक गुण गेला म्हणून? मी म्हणलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते. खेळानं माणूस हुशार होतो का ते माहीत नाही, आपमतलबी मात्र नक्की होतो.

खेळ मी वडिलांकडून शिकले. आम्ही परभणीजवळच्या झरीचे, घरी शेती. वडील निजामाच्या काळातल्या एका पटवाऱ्याकडून शिकलेले, त्यामुळं ते 'शह' म्हणत नसत, 'किश्त' म्हणत. त्यांचा खेळ देशी पद्धतीचा. त्यात प्यादं एकेकच घर चालतं, आणि राजाला एक मोठी मुभा असते. जोवर त्याला एकदाही शह बसलेला नाही तोवर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. अंगाशी आलं की राजा उडी मारून बाहेर! स्पर्धेच्या नियमात हे असलं काही चालत नाही. तिथं राजा एका वेळी एकच घर. किल्लेकोट केला तरच काय ती दोन घरं, तीही हत्तीला सोबत घेऊन. माझ्या हाताचं हे वळण मोडायला मला दोन वर्षं लागली होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आता ताडकळसचं सांगते. तिथल्या एका हौशी हेडमास्तरांनी बाजाराच्या दिवशी शाळेत माझं प्रदर्शन ठेवलं होतं. म्हणजे वीस जण वीस पट मांडून बसणार आणि मी एकटी फिरत फिरत सगळ्यांशी खेळणार. सरपंच पहिल्या पटावर. त्यांचा वजीर मी घेतला की ते म्हणायचे, "ओ बाई, आता ऱ्हाऊ द्या, हुकलं आमचं." मी वजीर परत द्यायची. असा तीनदा वजीर घेतला आणि तीनदा दिला. शेवटी त्यांनीच कंटाळून हात जोडले, "लय डोकं लागतंय बुवा ह्याला. आमचं राजकारन सोपं." आणि ते कांद्याचा भाव बघायला निघून गेले.

अकराव्या पटावर एक म्हातारे बसले होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. नजर अधू झालेली, म्हणून त्यांची नात शेजारी बसून ते सांगतील तसे मोहरे हलवत होती. नाव शोभा. पंधरा-सोळाची असेल, दोन वेण्या, शाळेचाच निळा झगा. चार-पाच फेऱ्या झाल्यावर बघते तर आबा जागेवर नाहीत. तंबाखू आणायला बाजारात गेलेले. पोरगी आपल्या मनानंच खेळत होती आणि मला चांगलंच घेरलं होतं तिनं. मी जोर लावला, तिच्या राजाला कोपऱ्यात कोंडलं. तर तिनं राजा उचलला आणि अडीच घरांवर ठेवला.

"राजाची अशी उडी चालत नाही गं," मी म्हणलं.

तोवर आबा येऊन पोचले होते. ते म्हणाले, "आमच्यात चालतंय, बाई. राजा हाय त्यो. येकदा तरी त्याला पळू द्यावं."

"बरं आबा, तुमचं गाव, तुमचा कायदा," असं म्हणून मी पुढं गेले. तो डाव मी हरले. विसातला तेवढा एकच. परत येताना बसमध्ये मी त्याच डावाचा विचार करत होते. आपल्याला मिळालं नाही ते हिला मिळावं असं काहीतरी वाटलं. त्या वयात माणसाला असं वाटतं.

पुढं दोन वर्षं दर रविवारी सकाळच्या बसनं शोभा माझ्याकडं परभणीला यायची. येताना ओटीत हरभऱ्याचे डहाळे नाहीतर बोरं. नियम पटापट शिकली. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं, किल्लेकोट, घड्याळ, सगळं. फक्त घाईत आली की राजा उडायचा. मी हातावर टिचकी मारायची, ती जीभ चावायची. "हात आपोआप जातो, ताई. आबाचा हात हाय त्यो," म्हणायची आणि खुदकन हसायची. पोरगी गुणाची होती. मला सहा महिने पुस्तकं वाचून जे कळायचं ते तिला पटाकडं बघून कळायचं. मला तिचा हेवा वाटायचा, हेही लिहून टाकते. इतक्या वर्षांनी लपवून काय करायचंय?

तिचे आई-वडील दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. शाळेसाठी ती आबांजवळ राहायची. पण दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात आबा गेले आणि गावात तिच्याजवळ राहणारं कुणी उरलं नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटी पोरगी टोळीत बसत नाही. तिचे वडील माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हणलं तर आले नाहीत. "बाई, दिवाळीपतुर तिच्या नौकरीचं काई झालं तर लई उपकार हुतील. न्हाई तर पोरगी उजवून संगं न्यावं लागंल. पोरगा बघून ठिवलाय."

मी साहेबांकडं गेले. आमच्या कचेरीत खेळाडूची आणखी एक जागा रिकामी होती. साहेब म्हणाले, "राज्याच्या संघात येऊ द्या तिला, मी वर लिहितो." संघात चार बायकांची जागा. निवड स्पर्धा दिवाळीच्या आठ दिवस आधी, औरंगाबादला. आणि माझी आदल्या वर्षीची निवड हुकलेली होती. म्हणजे ह्या वर्षी हुकली की माझाही खेळ संपला. चाळिशीला आलेली बाई, मी काय नव्यानं सुरुवात करणार होते?

आम्ही एकाच बसनं गेलो, एकाच खोलीत उतरलो. नशीब बघा, पहिल्या तीन जागा आधीच नक्की झाल्या आणि शेवटच्या फेरीत आमचीच गाठ पडली. जी जिंकेल ती चौथी. बरोबरी केली असती तर दोघी बाहेर आणि मुंबईची एक बाई आत. सकाळी वेणी घालताना शोभानं विचारलं, "ताई, आज कसं खेळू?"

"रोज खेळतेस तसं," मी म्हणलं.

"तुमी बी खरं खेळा. मला मुद्दाम सोडू नका," ती म्हणाली.

मी हो म्हणलं. आणि मला बरंच वाटलं, कारण सोडायचं माझ्या मनात नव्हतंच.

साडेतीन तास गेले. माझं पारडं थोडं जड होतं. तिच्या घड्याळात चार-पाच मिनिटं उरलेली. मी वजीर आणि उंट असे लावले की पुढच्या चालीला मात होती. शह अजून एकदाही दिलेला नव्हता. तिनं झेंडीकडं बघितलं, तिचा हात गेला, राजा उचलला, अडीच घरांवर ठेवला, खटका दाबला, कागदावर लिहूनही टाकलं. पंच पलीकडच्या पटाजवळ उभे होते, तिकडंच गर्दी होती. कुणी बघितलं नाही.

मी बघितलं होतं. तेव्हाच, त्याच क्षणी. आणि तिलाही कळलं. तिनं जीभ चावली आणि माझ्याकडं बघितलं.

मी गप्प राहिले. का, ते नीट सांगते. एक तर पंच शहरातले, हॉलभर पुण्या-मुंबईच्या बायका. त्यांच्यापुढं 'परभणीकडच्या पोरीला राजा कसा चालतो तेही येत नाही' असं हसं करायचं माझ्या जिवावर आलं. आणि दुसरं, मला वाटलं, उडी मारली तरी डाव माझाच आहे. दहा-बारा चालींनी का होईना, जिंकते मीच. मग कशाला बोभाटा? मी मान खाली घातली आणि माझी चाल केली. तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्यानंतर ती जे खेळली ते मी कधी विसरणार नाही. हातात दोन-तीन मिनिटं, पण जणू तिला कुणी घाई नव्हती. घोडा असा काही मधोमध आणून बसवला की माझे दोन्ही हत्ती नुसते बघत राहिले. सहाव्या चालीला बरोबरी दिसायला लागली, आठव्या चालीला मी हरत होते. वजीर जाणार, नाहीतर मात. मी पंधरा मिनिटं पटाकडं बघत बसले. डोळ्यांपुढं कचेरीतलं टेबल यायला लागलं. टाचण्यांची डबी, पाण्याचा ग्लास, भिंतीवरचं घड्याळ. दहा ते साडेपाच. आणि हे खरं आहे की त्या पंधरा मिनिटांत शोभाच्या वडिलांची आठवण मला एकदासुद्धा आली नाही.

मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

पंच आले. मी माझा कागद पुढं केला. "साहेब, आठ चालींमागं नियमाबाहेरची चाल झालीय. माझ्या आत्ता लक्षात आलं," मी म्हणलं. आवाज अगदी साधा लागला माझा. पंचांनी दोन्ही कागद जुळवून बघितले. दोघींच्या कागदावर राजाची ती उडी लिहिलेली होती. ते तिला म्हणाले, "बाळ, राजा असा चालत नाही, माहितीय ना? डाव मागं न्यावा लागेल. तुला काही सांगायचंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. नुसतं एकदा.

"न्हाई सर," ती म्हणाली. "ताई म्हनतेत तसंच झालं."

मोहरे पुन्हा त्या जागी मांडले. राजाला हात लावलेला, म्हणजे राजाच खेळायला हवा. त्याला दोन घरं मोकळी होती आणि दोन्हींत मातच होती. तिनं एका घरात ठेवला. मी मात दिली. तिनं कागदावर सही केली, माझ्या हातात हात दिला आणि माझ्या पाया पडायला वाकली. गुरू म्हणून नेहमी पडायची तशीच. मला तिला थांबवताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बारक्या अक्षरांत आलं की अनुभवी खेळाडूनं सावध राहून हरलेला डाव फिरवला. साहेबांनी ते कात्रण कचेरीच्या फळ्यावर लावलं. गफूरभाईंनी त्या दिवशी विचारायच्या आधीच पेढे वाटले.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली. मला गाडी लागते म्हणून खिडकी मला दिली. जालना गेलं, परतूर गेलं, मी शब्द जुळवत होते. परभणी आली तेव्हा ती पिशवी घेऊन उठली आणि म्हणाली, "येते, ताई. आजचा रविवार बुडाला." दिवाळीनंतर पंधरा दिवसांत तिचं लग्न झालं आणि मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ती टोळीसोबत गेली. मला पत्रिका आली होती. मी गेले नाही. राष्ट्रीय स्पर्धेला मात्र गेले. तिथं मी शेवटून दुसरी आले. दोन वर्षं अशीच रखडत खेळले आणि मग स्वतःच साहेबांना लिहून दिलं की मला टेबल द्या.

नामांतराचा तो लांबलेला प्रश्न एकदाचा मिटला त्या उन्हाळ्यात मी कामासाठी मानवतला गेले होते. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की टोळ्या परत येतात, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गठुडी, भांडी, कोंबड्या. त्यातून कुणीतरी "ताई!" म्हणून हाक मारली. शोभा. कडेवर दीडेक वर्षाचं लेकरू, हाताला उसाच्या पाचटीनं चिरा पडलेल्या, रंग रापलेला. हसली तेव्हा ओळखलं. तिनंच माझी पिशवी घेतली आणि गठुड्यावर मला बसायला जागा केली. तब्येत कशीय, पाठ दुखती का अजून, गफूरभाई हायेत का, सगळं तिनंच विचारलं.

मग मला राहवेना. मी म्हणलं, "शोभा, त्या डावात तुझी उडी मी तेव्हाच बघितली होती गं. पंचांना खोटं सांगितलं."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली तिनं. "तुमी मान खाली घातली, तवाच कळलं मला."

"मग सांगितलं का नाहीस तिथं?"

"काय सांगायचं? चूक तर माझीच व्हती." तिची गाडी फलाटाला लागली होती, तिचा नवरा टपावर गठुडी चढवत होता आणि तिकडून हाका मारत होता. ती उठली, लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सहज बोलावं तसं बोलली. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही.

"पर तवा मला वाटलं, ताईनं डाव मला दिला. आपल्या हातानं दिला. लय आनंद झाला व्हता मला. म्हून तर पुढं तसं खेळले मी."

ती गेली. बस हलली तेव्हा खिडकीतून तिनं लेकराचा हात धरून माझ्याकडं हलवला. मला हात वर करता आला नाही.